तप्त सूचिवेध आणि आमवातातील दाह : कार्ययंत्रणा व पुराव्यांचा एक चिकित्सक अभ्यास

सारांश

आमवात हा शरीराच्या रोगप्रतिकारक यंत्रणेतील बिघाडामुळे उद्भवणारा, सांध्यांचा दीर्घकालीन दाह होय. चिनी वैद्यकपरंपरेत या प्रकारच्या सांधेदुखीवर उष्णता दिलेल्या सुयांचा उपचार फार पूर्वीपासून केला जातो. ज्या सांध्यात मुळातच उष्णता वाढलेली असते, त्या रोगात पुन्हा उष्णता देऊन दाह कसा शमू शकेल, हा या विषयातील मूलभूत प्रश्न आहे. प्रस्तुत लेखात तप्त सूचिवेधाचे प्रकार, त्यातील उष्णतेचा प्रत्यक्ष प्रवास, दाहशमनाची संभाव्य कार्ययंत्रणा आणि उपलब्ध पुराव्यांचे बळ यांचे विवेचन केले आहे. वेदनाशमन, दाहशमन आणि रोगनियंत्रण या तीन भिन्न गोष्टी असून त्यांचे पुरावेही भिन्न बळाचे आहेत, हे येथे दाखविण्याचा प्रयत्न आहे.

बीजशब्द : आमवात, दाह, ॲक्युपंक्चर, तप्त सूचिवेध, मोक्सा, व्हेगस मज्जातंतू.

प्रास्ताविक

सकाळी उठल्यावर बोटे वळत नाहीत, भाकरी थापता येत नाही, भांड्याचे झाकण उघडता येत नाही, आणि ऊन वर आल्यावर हात हळूहळू मोकळे होतात, अशी तक्रार आपल्याकडील अनेक स्त्रिया करीत असतात. घरातील मंडळी तिला 'वाताचा त्रास' म्हणून सोडून देतात. वस्तुतः 'संधिवात' या एकाच शब्दाखाली मराठीत अनेक भिन्न रोग एकत्र झालेले आहेत. वयोमानानुसार गुडघ्याची कूर्चा झिजणे हा एक प्रकार, तर ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस हा अगदी वेगळा प्रकार. दुसऱ्या प्रकारासाठी प्रस्तुत लेखात 'आमवात' ही रूढ संज्ञा वापरली आहे. आयुर्वेदातील 'माधवनिदान' या ग्रंथात आमवाताचे स्वतंत्र वर्णन आढळते. तो आणि आधुनिक वैद्यकातील हा रोग तंतोतंत एकच आहेत असे मात्र येथे अभिप्रेत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये जगात सुमारे १ कोटी ८० लाख लोक आमवाताने ग्रस्त होते आणि त्यांपैकी सुमारे ७० टक्के स्त्रिया होत्या. महाराष्ट्रापुरते बोलायचे झाल्यास, पुणे जिल्ह्यातील भिगवण या गावी १९९६ मध्ये सुरू झालेल्या लोकसमूह-पाहणीत प्रौढांमधील आमवाताचे प्रमाण सुमारे ०.५ टक्के, म्हणजे दर दोनशे प्रौढांमागे एक, इतके आढळले. हा आकडा लहान वाटला तरी रोग ऐन कर्त्या वयात जडतो आणि आयुष्यभर सोबत करतो, हे ध्यानात घेतले पाहिजे.

औषधे दीर्घकाळ घ्यावी लागतात, त्यांच्या दुष्परिणामांची भीती असते, म्हणून रुग्ण पर्यायी उपचारांकडे वळतात. ॲक्युपंक्चर आणि त्यातील तप्त सूचिवेध हा असाच एक उपचार आहे. त्याविषयी दोन टोकाची मते ऐकावयास मिळतात. एका मते ती हजारो वर्षांची सिद्ध विद्या आहे, तर दुसऱ्या मते तो निव्वळ भ्रम आहे. या दोहोंच्या मधली, शरीरक्रियाशास्त्राच्या आधारे जाणारी वाट शोधणे आवश्यक वाटते.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) आमवातातील दाहाचे स्वरूप थोडक्यात समजून घेणे.
२) तप्त सूचिवेधाचे प्रकार व त्यातील उष्णतेचे कार्य स्पष्ट करणे.
३) दाहशमनाच्या संभाव्य कार्ययंत्रणेचा परामर्श घेणे.
४) प्राण्यांवरील व रुग्णांवरील पुराव्यांचे मूल्यमापन करणे.
५) रुग्णाच्या दृष्टीने या उपचाराचे स्थान निश्चित करणे.

अभ्यासपद्धती

प्रस्तुत लेख दुय्यम साधनांवर आधारित असून वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. लेखाचा हेतू उपचाराची शिफारस करणे हा नसून त्यामागील शास्त्रीय विचार उलगडणे हा आहे.

आमवातातील दाहाचे स्वरूप

निरोगी सांध्याच्या आतील बाजूस सायनोव्हियम नावाचे पातळ अस्तर असते. ते सांध्याला वंगणासारखा द्रव पुरविते. आमवातात रोगप्रतिकारक पेशी या अस्तरावरच हल्ला करतात. अस्तर जाड होते, त्यात नव्या रक्तवाहिन्या फुटतात आणि ते कूर्चेवर व हाडावर पसरू लागते. या वाढलेल्या ऊतीला पॅनस असे म्हणतात. पॅनसमधून स्रवणारी विकरे कूर्चा विरघळवितात, तर हाड खाणाऱ्या पेशी उत्तेजित होऊन हाडाच्या कडा कुरतडल्या जातात.

या साऱ्या घडामोडींत पेशी एकमेकींना जे रासायनिक संदेश देतात त्यांना सायटोकाइन म्हणतात. त्यांपैकी टीएनएफ-अल्फा, इंटरल्यूकिन-१ व इंटरल्यूकिन-६ हे प्रमुख होत. टीएनएफ-अल्फा रोखल्यास आमवातातील दाह ओसरतो, हे लंडन येथील मार्क फेल्डमन व रविंदर मैनी यांच्या संशोधनातून १९९० च्या दशकात सिद्ध झाले आणि जैविक औषधांचे नवे युग सुरू झाले. तत्पूर्वीपासून वापरात असलेले आणि आजही पहिल्या पसंतीचे असलेले औषध म्हणजे आठवड्यातून एकदा घ्यावयाचे मेथोट्रेक्सेट.

दाह मोजण्याची साधनेही येथे नमूद केली पाहिजेत. रक्तातील तांबड्या पेशी खाली बसण्याचा वेग, म्हणजे ईएसआर, आणि सी-रिॲक्टिव्ह प्रथिन, म्हणजे सीआरपी, या दोन चाचण्या दाहाची पातळी दर्शवितात. रुग्णाला 'बरे वाटणे' आणि या चाचण्यांचे आकडे उतरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुढील विवेचनात हा भेद वारंवार उपयोगी पडणार आहे.

तप्त सूचिवेधाची परंपरा

चिनी वैद्यकाच्या 'ह्वांगदी नेइजिंग' या प्राचीन ग्रंथात सांधे व स्नायू यांच्या वेदनायुक्त विकारांना 'बी' असे नाव आहे. वारा, थंडी व दमटपणा हे तीन घटक एकत्रितपणे शरीरात शिरल्याने 'बी' उद्भवतो, असे तेथे प्रतिपादन आहे. त्याच ग्रंथाच्या 'लिंगशू' या भागात स्नायुबंधांच्या 'बी' विकारावर तापविलेली सुई वेगाने टोचण्याचा उपचार सांगितला आहे. थंडी व ओल हे कारण मानले की उष्णता हा उपचार ठरतो, असा हा सरळ तर्क होय.

ॲक्युपंक्चरला आधुनिक जगात प्रसिद्धी मिळाली ती १९७१ मध्ये. अमेरिकन पत्रकार जेम्स रेस्टन यांची पेकिंग येथे आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया झाली आणि नंतरचा त्रास कमी करण्यासाठी त्यांच्यावर सुया व उष्णता यांचा उपचार झाला. त्यांनी लिहिलेल्या वृत्तान्तामुळे पाश्चात्त्य शास्त्रज्ञांचे लक्ष या विद्येकडे वेधले गेले. २०१० मध्ये युनेस्कोने चिनी ॲक्युपंक्चर व मोक्सा-उपचार यांचा समावेश मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला. अर्थात वारसा म्हणून मिळालेली मान्यता आणि औषध म्हणून मिळणारी मान्यता यांत गल्लत होता कामा नये.

तप्त सूचिवेधाचे प्रकार

पहिला प्रकार 'उबदार सुई'चा. यात सुई नेहमीप्रमाणे टोचून ठेवतात आणि तिच्या मुठीवर मोक्साचा सुमारे दोन सेंटीमीटर लांबीचा तुकडा खोचून पेटवितात. तो संथपणे जळतो. तुकडा विझला की राख काढून दुसरा लावतात. मोक्सा म्हणजे आर्टेमिसिया आर्गी या वनस्पतीच्या वाळलेल्या पानांचा कुटून केलेला मऊ लोकरीसारखा भुगा. आपल्याकडे ज्योतिबाला वाहिला जाणारा दवणा याच आर्टेमिसिया प्रजातीतील आहे, मात्र त्याची जाती वेगळी आहे.

दुसरा प्रकार 'अग्निसुई'चा. यात सुई ज्योतीवर लाल होईपर्यंत तापवितात आणि क्षणार्धात टोचून बाहेर काढतात. यासाठी उष्णता सहन करणाऱ्या टंगस्टनयुक्त सुया वापरल्या जातात. येथे ऊतीला सूक्ष्म चटका बसतो आणि शरीर त्या सूक्ष्म जखमेला प्रतिसाद देते. म्हणजे पहिल्या प्रकारात सौम्य ऊब, तर दुसऱ्यात नियंत्रित इजा, असा मूलभूत भेद आहे. याखेरीज चांदीच्या जाड सुया व विजेवर तापणाऱ्या सुया हेही प्रकार आहेत.

उष्णता नेमकी कोठे पोहोचते ?

मोक्साची उष्णता सुईमधून खोल ऊतीपर्यंत उतरते, असे सामान्यतः सांगितले जाते. पदार्थविज्ञानाच्या दृष्टीने हे विधान तपासून पाहण्यासारखे आहे. आजच्या सुया प्रायः निष्कलंक पोलादाच्या असतात. या पोलादाची उष्णतावाहकता धातूंमध्ये बरीच कमी आहे. चांदीची वाहकता तिच्या सुमारे पंचवीसपट भरते. शिवाय सुई केसासारखी बारीक असते आणि तिच्या भोवतालचे रक्ताभिसरण उष्णता सतत वाहून नेत असते. त्यामुळे पोलादी सुईच्या टोकाशी पोहोचणारी उष्णता अल्पच असणार. रुग्णाला जाणवणारी ऊब ही मुख्यतः जळत्या मोक्साच्या प्रारणाने त्वचेवर पडणारी ऊब होय. चांदीच्या सुया वापरण्यामागे काही तथ्य आहे ते याच कारणाने.

या निरीक्षणाचे महत्त्व असे की, 'उष्णता सांध्यात शिरून दाह जाळून टाकते' ही लोकप्रिय कल्पना टिकत नाही. उष्णतेचा परिणाम होत असेल तर तो त्वचेतील व त्वचेखालील मज्जातंतूंच्या टोकांना दिलेल्या संदेशाच्या रूपाने होत असला पाहिजे.

उष्ण सांध्याला आणखी उष्णता का ?

येथे एक विरोधाभास उभा राहतो. आमवाताचा सांधा स्पर्शाला गरम लागतो. निरोगी गुडघ्याच्या आतील तापमान सुमारे ३२ ते ३३ अंश सेल्सिअस असते, तर तीव्र दाह असलेल्या गुडघ्यात ते ३६ अंशांच्या आसपास जाते. १९७४ मध्ये हॅरिस व मॅक्क्रॉस्करी यांनी दाखवून दिले की, आमवाताच्या अस्तरातून मिळविलेले कोलॅजिनेज हे विकर ३३ अंशांपेक्षा ३६ अंशांवर कूर्चेतील कोलॅजनचा सुमारे चौपट वेगाने नाश करते. म्हणजे सांध्याचे तापमान प्रत्यक्ष वाढविणे हे हितकारक नसून अपायकारक ठरू शकते.

चिनी परंपरेलाही हा धोका ठाऊक होता असे दिसते. तेथे 'शीत बी' व 'उष्ण बी' असे दोन भेद मानले जातात. सांधा लाल, सुजलेला व गरम असेल तर तो 'उष्ण बी' होय आणि तेथे उष्ण उपचार सामान्यतः वर्ज्य मानला जातो. थंडीने वाढणाऱ्या, शेकल्याने बरे वाटणाऱ्या दुखण्यासाठीच उबदार सुईची योजना असते. दुसरे असे की, सुई नेहमी दुखऱ्या सांध्यातच टोचली जात नाही. गुडघ्याखाली सुमारे चार बोटांवर, नडगीच्या बाहेरील अंगाला असलेला 'झूसानली' हा बिंदू आमवातावरील उपचारांत व प्रयोगांत वारंवार वापरला जातो. दूरच्या बिंदूवर दिलेली उष्णता सांध्याचे तापमान वाढवीत नाही. तिचा परिणाम होत असल्यास तो मज्जासंस्थेच्या मार्गानेच होणार.

दाहशमनाची संभाव्य कार्ययंत्रणा

अ) स्थानिक परिणाम : सुई टोचल्याने व फिरविल्याने ऊतीत सूक्ष्म इजा होते आणि ॲडेनोसिन हे द्रव्य बाहेर पडते. २०१० मध्ये मायकेन नेडरगार्ड यांच्या प्रयोगशाळेने उंदरांवर दाखविले की, झूसानली बिंदूवर सुई फिरविल्यास तेथील ॲडेनोसिनचे प्रमाण अनेक पटींनी वाढते आणि वेदना कमी होते. ज्या उंदरांत ॲडेनोसिनचा ए-१ हा ग्राहक नव्हता त्यांत हा परिणाम दिसला नाही. उष्णतेमुळे स्थानिक रक्तपुरवठा वाढतो, स्नायूंचा ताठरपणा उतरतो आणि पेशींत उष्णताघात-प्रथिने तयार होतात. त्यांपैकी एचएसपी-७० हे प्रथिन दाह चेतविणाऱ्या एनएफ-कप्पा-बी या पेशीय कळीला आवर घालू शकते, असे प्रायोगिक अभ्यासांत आढळले आहे.

आ) उष्णता-ग्राहक : मज्जातंतूंच्या टोकांवर टीआरपीव्ही-१ नावाचा ग्राहक असतो. तो सुमारे ४३ अंशांवर उघडतो. मिरचीतील तिखट द्रव्यही त्यालाच चेतविते. मिरची 'गरम' का लागते याचे उत्तर येथेच आहे. हा ग्राहक १९९७ मध्ये डेव्हिड ज्युलियस यांनी शोधला. दाब व स्पर्श ओळखणारे ग्राहक आर्डेम पटापुटियन यांनी शोधले. या दोघांना २०२१ चे शरीरक्रियाशास्त्र वा वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. तप्त सुई उष्णता व दाब या दोन्ही संवेदना एकाच वेळी देते, म्हणून केवळ सुई वा केवळ शेक यांपेक्षा तिचा संदेश अधिक प्रबळ असू शकेल, असा तर्क करता येतो. हा तर्क आहे, सिद्धान्त नव्हे.

इ) वेदनाशमन : ॲक्युपंक्चरमुळे मेंदूत व मज्जारज्जूत एंडॉर्फिनसारखी अफूसदृश द्रव्ये स्रवतात, हे १९७० च्या दशकापासून अनेक प्रयोगशाळांनी दाखविले आहे. त्यांचा प्रभाव नष्ट करणारे नालोक्सोन हे औषध दिले असता वेदनाशमनही घटते. बीजिंग येथील हान जिशेंग यांचे या क्षेत्रातील कार्य विशेष उल्लेखनीय आहे.

ई) दाह-प्रतिक्षेप : सर्वांत उद्बोधक संशोधन या शाखेत झाले आहे. केव्हिन ट्रेसी यांनी २००२ मध्ये 'दाह-प्रतिक्षेप' ही संकल्पना मांडली. मेंदूपासून छाती व पोटाकडे जाणारा व्हेगस मज्जातंतू रोगप्रतिकारक पेशींवर लगामासारखे कार्य करतो आणि टीएनएफ-अल्फाची निर्मिती घटवितो, असे तिचे सार आहे. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात विद्युत-सूचिवेधामुळे उंदरांत व्हेगसमार्फत अधिवृक्क ग्रंथीतून डोपामिन स्रवून दाह घटल्याचे दिसून आले. २०२१ मध्ये चिऊफू मा यांच्या गटाने आणखी पुढचे पाऊल टाकले. उंदराच्या मागील पायावरील झूसानली बिंदूशी सौम्य विद्युत-चेतना दिली असता विशिष्ट संवेदी मज्जातंतूंमार्फत व्हेगस व अधिवृक्क ग्रंथी यांचा मार्ग जागृत होतो. ते मज्जातंतू नसलेल्या उंदरांत हा परिणाम होत नाही आणि पोटावरील बिंदूवर तीच चेतना दिली तरीही होत नाही. म्हणजे 'कोठे टोचावे' या प्रश्नाला काही शारीरिक आधार असू शकतो.

अधिवृक्क ग्रंथी व आमवात यांचे नाते वैद्यकाला नवे नाही. याच ग्रंथीच्या बाह्यकातील कॉर्टिसोन हे संप्रेरक फिलिप हेंच यांनी १९४८ मध्ये आमवाताच्या रुग्णाला प्रथम दिले आणि १९५० च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. व्हेगसच्या कल्पनेलाही आमवातातच प्रत्यक्ष रूप मिळाले. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १७ रुग्णांच्या अभ्यासात शरीरात बसविलेल्या उपकरणाने व्हेगसला चेतना दिली असता रक्तातील टीएनएफची निर्मिती घटली आणि चेतना थांबविताच रोगलक्षणे पुन्हा वाढली. जैविक औषधांचा पुरेसा उपयोग न झालेल्या वा ती सहन न झालेल्या आमवाताच्या प्रौढ रुग्णांसाठी अशा उपकरणास अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जुलै २०२५ मध्ये मान्यता दिली. मज्जासंस्थेद्वारे सांध्यातील दाह कमी करता येतो, हे तत्त्व अशा रीतीने उपचाराच्या पातळीवर आले आहे.

परंतु येथे दोन सावधगिरीच्या सूचना आवश्यक आहेत. एक, वरील प्रयोगांतील चेतना विजेची आहे, उष्णतेची नाही. एकाचा निष्कर्ष दुसऱ्यास जसाच्या तसा लागू करता येत नाही. दोन, मा यांच्याच गटाने २०२० मध्ये दाखविले की, उंदराच्या पोटावरील बिंदूवर तीव्र चेतना दाह सुरू होण्यापूर्वी दिली तर दाह घटतो, पण दाह भडकल्यानंतर दिली तर तो वाढतो. म्हणजे सुई 'निरुपद्रवी तरी आहेच' हे गृहीतक बरोबर नाही. बिंदू, तीव्रता व वेळ यांवर परिणामाची दिशा अवलंबून असते.

प्राण्यांवरील प्रयोग व त्यांच्या मर्यादा

उष्णतेसंबंधीचा बराचसा पुरावा चीनमधील उंदरांवरील प्रयोगांतून आला आहे. मृत क्षयजंतूंचे तैलमिश्रण वा कोलॅजन टोचून उंदरांत कृत्रिम संधिशोथ निर्माण करतात. नंतर झूसानली वा कमरेवरील 'शेनशू' या बिंदूंवर मोक्साचा उपचार करून पंजाची सूज व सायटोकाइनचे प्रमाण मोजतात. अशा प्रयोगांत टीएनएफ-अल्फा व इंटरल्यूकिन-१ यांत घट झाल्याचे वारंवार नोंदविले गेले आहे.

तथापि, मृत क्षयजंतूंनी घडविलेला उंदराचा संधिशोथ काही काळाने आपोआप ओसरू लागतो, तर माणसाचा आमवात वर्षानुवर्षे चालतो. उंदराला उपचारासाठी बांधून ठेवावे लागते आणि त्या ताणानेच दाहशामक संप्रेरके स्रवू शकतात. म्हणून ज्या प्रयोगात उपचार न केलेला उंदीरही तितकाच वेळ बांधून ठेवला असेल, त्याच प्रयोगाला महत्त्व देणे इष्ट होय.

रुग्णांवरील पुरावा

आमवातातील ॲक्युपंक्चरविषयीचा कॉक्रेन आढावा २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात केवळ दोन चाचण्या, एकूण ८४ रुग्णांच्या, निकषांस पात्र ठरल्या. साध्या ॲक्युपंक्चरने ईएसआर, सीआरपी वा वेदना यांत फरक आढळला नाही. विद्युत-सूचिवेधाने गुडघ्याच्या वेदनेत अल्पकालीन आराम दिसला, परंतु पुरावा दुबळा होता. २००८ मधील आणखी एका आढाव्यात आठ चाचण्यांचा विचार झाला. जेथे आभासी सुईशी तुलना केली होती, तेथे खऱ्या सुईचा वेदनेवर विशेष परिणाम सिद्ध झाला नाही.

उबदार सुईवरील चाचण्या प्रामुख्याने चीनमध्ये झाल्या आहेत. त्यांची सामान्य रचना अशी असते : एका गटाला मेथोट्रेक्सेट वा लेफ्लुनोमाइड यांसारखे औषध आणि दुसऱ्या गटाला तेच औषध अधिक उबदार सुई. दुसऱ्या गटात सकाळचा ताठरपणा, सुजलेले सांधे, ईएसआर व सीआरपी यांत अधिक सुधारणा झाल्याचे निष्कर्ष दिले जातात. हे निष्कर्ष आशादायक आहेत, पण त्यांच्या वाचनात तीन अडचणी येतात.

पहिली अडचण अशी की, रुग्णापासून उपचार लपविता येत नाही. धूर, वास व ऊब यांमुळे आपल्याला काय मिळते आहे हे त्याला कळतेच. त्यामुळे वेदनेसारख्या व्यक्तिनिष्ठ मापनावर अपेक्षेचा प्रभाव पडतो. सीआरपीसारखे मापन त्या मानाने वस्तुनिष्ठ आहे, म्हणून त्यात खरोखर घट होत असेल तर ती अधिक मोलाची ठरते. दुसरी अडचण म्हणजे रुग्णसंख्या कमी आणि पाठपुरावा काही आठवड्यांचा. हाडाची झीज थांबली की नाही हे इतक्या काळात समजत नाही. तिसरी अडचण प्रकाशनाची. १९९८ मधील एका बहुचर्चित विश्लेषणात चीनमधून प्रसिद्ध झालेल्या ॲक्युपंक्चरच्या सर्वच चाचण्यांचे निष्कर्ष अनुकूल असल्याचे आढळले. कोणताही उपचार शंभर टक्के चाचण्यांत यशस्वी ठरणे स्वाभाविक नाही. प्रतिकूल निष्कर्ष छापलेच जात नसावेत, अशी शंका त्यातून बळावते.

या पार्श्वभूमीवर अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजीच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत घेतलेली भूमिका समतोल वाटते. व्यायाम, आहार व पूरक उपचार यांसंबंधीच्या या तत्त्वांत ॲक्युपंक्चर व उष्ण-शीत शेक यांची सशर्त शिफारस आहे, तीही औषधोपचाराच्या जोडीने. औषधाऐवजी नव्हे.

जोखमी

तप्त सुईचा उघड धोका म्हणजे भाजणे. दीर्घकाळ स्टिरॉइड घेतलेल्या रुग्णांची त्वचा पातळ झालेली असते, तर मधुमेहात पायांची संवेदना बोथट होते आणि चटका बसल्याचे कळत नाही. दुसरा धोका जंतुसंसर्गाचा. आमवातावरील औषधे प्रतिकारशक्ती दडपतात, अशा स्थितीत त्वचा भेदणारा प्रत्येक उपचार निर्जंतुक, एकदाच वापरावयाच्या सुईनेच झाला पाहिजे. रक्त पातळ करणारी औषधे घेणारे व मोक्साचा धूर न सोसणारे दमेकरी यांनीही विशेष काळजी घ्यावी.

परंतु सर्वांत मोठा धोका सुईचा नसून वेळेचा आहे. आमवातात अनेक रुग्णांच्या हाडांची झीज पहिल्या दोन वर्षांतच सुरू होते आणि एकदा झिजलेले हाड पूर्ववत होत नाही. निदान होताच औषध सुरू करावे हे आज सर्वमान्य तत्त्व आहे. वेदना कमी झाली म्हणून रुग्णाने मेथोट्रेक्सेट थांबविले, तर आतला दाह शांतपणे सांधा पोखरीत राहू शकतो. उपचाराने आलेला आराम खरा असूनही तो अशा वेळी फसवा ठरतो.

भारतीय संदर्भ

वातव्याधींवर अग्नीचा उपयोग आपल्या परंपरेतही आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात अग्निकर्माचे स्वतंत्र विवेचन असून त्वचा, मांस, सिरा, स्नायू, संधी व अस्थी यांतील वाताच्या तीव्र वेदनेवर ते सांगितले आहे. तप्त शलाकेचा त्यात समावेश आहे. अग्निसुईशी त्याचे साम्य लक्षणीय असले, तरी दोन्हींची उपपत्ती भिन्न आहे, म्हणून एकाचा पुरावा दुसऱ्यासाठी वापरणे योग्य होणार नाही. तसेच मेळघाटासारख्या भागात आजारी बालकांच्या पोटावर चटके देण्याची जी घातक प्रथा आढळते, तिला या शास्त्रीय चर्चेतून कोणतेही समर्थन मिळत नाही, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

भारतात ॲक्युपंक्चर आले त्या इतिहासाचा एक धागा सोलापूरशी जुळतो. सोलापूरचे सुपुत्र डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये ज्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले, त्याच पथकातील डॉ. विजयकुमार बसू यांनी पुढे १९५० च्या दशकाच्या अखेरीस चीनमध्ये ॲक्युपंक्चर शिकून ते कोलकात्यात रुजविले. २०१९ मध्ये केंद्र शासनाने ॲक्युपंक्चरला स्वतंत्र चिकित्सापद्धती म्हणून मान्यता दिली. महाराष्ट्रात या पद्धतीसाठी स्वतंत्र कायदाही आहे. मान्यतेबरोबर पुराव्याची जबाबदारीही येते, याचे भान चिकित्सकांनी राखणे अगत्याचे आहे.

निष्कर्ष

१) तप्त सूचिवेधातील उष्णता सांध्यात शिरून दाह नष्ट करते, या कल्पनेला शास्त्रीय आधार दिसत नाही. परिणाम होत असल्यास तो मुख्यतः मज्जातंतूंना मिळणाऱ्या संदेशामार्फत असावा.
२) लाल, गरम व सुजलेल्या सांध्यावर थेट उष्णता देणे टाळावे. आधुनिक प्रयोग व चिनी परंपरा यांचे या मुद्द्यावर एकमत दिसते.
३) मज्जासंस्थेद्वारे दाह घटविता येतो हे तत्त्व भक्कम आहे. तप्त सुई ते तत्त्व माणसात प्रत्यक्षात आणते की नाही हे अद्याप सिद्ध व्हावयाचे आहे.
४) अल्पकालीन वेदनाशमनाची शक्यता आहे, दाहशमनाचे पुरावे आशादायक पण दुबळे आहेत, आणि सांध्याची झीज थांबते याचा पुरावा नाही.
५) म्हणून तप्त सूचिवेध हा पूरक उपचार होऊ शकतो, पर्यायी नव्हे.

समारोप

परंपरेने दिलेला अनुभव हा संशोधनाचा प्रारंभ असतो, शेवट नव्हे. सुईच्या टोकाशी प्रत्यक्ष किती तापमान पोहोचते, ऊब नसलेल्या सुईशी तुलना केल्यास सीआरपी किती उतरते, आणि वर्षभरानंतर क्ष-किरण चित्रात हाडाची स्थिती काय असते, या तीन साध्या प्रश्नांची उत्तरे देणाऱ्या चाचण्या झाल्या, तर या विषयावरील पुष्कळसा वाद मिटेल. तोपर्यंत सकाळी बोटे न वळणाऱ्या स्त्रीला प्रथम रक्ततपासणीसाठी व संधिवाततज्ज्ञाकडे नेणे हेच कुटुंबाचे कर्तव्य आहे. तिचे निदान झाले, औषध सुरू झाले आणि त्यानंतर तज्ज्ञांच्या संमतीने तिने सुईची ऊब घेतली, तर त्यात आक्षेपार्ह काही नाही. क्रम मात्र उलटा होऊ नये.